डब्यांवरची नावं

लाल पेनाच्या टोकाने कागदाला भोक पडलं. तिने समासात 'आधार नाही' असं लिहिलं, पुढे शून्य काढलं, त्याला गोल केला आणि पेपर उजवीकडच्या गठ्ठ्यावर आपटला. पुढचा उचलला. पुन्हा तेच. 'थोरली बहीण घर सोडून जाणार आहे.' अक्षर वेगळं, शाई वेगळी, खाडाखोड वेगळी. उत्तर मात्र एकाच आईच्या पोटातून आल्यासारखं सारखं.

"कॉपी," ती म्हणाली. "सरसकट कॉपी."

समोरच्या टेबलाशी भूगोलाचे सर डोळे मिटून बसले होते. शिक्षकांच्या खोलीत ते नेहमी असेच बसायचे, आणि झोपलेत म्हणून कुणी काही बोललं की हमखास त्यात तोंड घालायचे.

"दोन्ही तुकड्यांनी?"

"दोन्ही."

"सकाळची तुकडी घरी गेल्यावर दुपारची येते. मधल्या वेळात फाटक बंद. मग कॉपीने भिंतीवरून उडी मारली असेल."

"फोन असतात, सर, सगळ्यांकडे."

"बाई, ह्या पोरांना समोरच्या पुस्तकातलं बरोबर उत्तर नीट उतरवता येत नाही. चुकीचं उत्तर एकमेकांना कळवायला ते फोनचा खर्च करतील?"

"मग तुमचं म्हणणं काय?"

"माझं कसलं म्हणणं? मी भूगोलाचा माणूस. नदी खाली वाहते एवढं मला कळतं." त्यांनी खुर्चीतच कूस बदलली.

ती फेरपरीक्षेच्या वर्गांची शाळा होती. बाकीच्या विषयांत कसेबसे तरून भाषेत बुडालेले लोक इथे यायचे. गणितात नापास झालेल्याची जग कीव करतं. स्वतःच्या भाषेत नापास झालेल्याला हसतं, जणू त्याला बोलताच येत नाही. ही पोरं तोंड उघडायची तेव्हा भल्याभल्यांना गप्प करायची. फक्त परीक्षेला जे ऐकायचं असतं ते त्यांना बोलता येत नव्हतं, आणि ते शिकवायचं काम हिचं. कथानक, पात्र, संघर्ष, निवेदक, उपमा, रूपक. दरवर्षी तेच फळ्यावर लिहायचं, दरवर्षी तेच पुसायचं. खडूची पूड तिच्या आवाजात कायमची बसली होती. उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता, म्हणून ती हल्ली फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागातच लिहायची. मागच्या बाकांवरची मुलं म्हणायची, बाईंचा फळा गळतोय.

यंदा त्यात उताऱ्यांची भर पडली होती. न वाचलेला उतारा वाचून प्रश्नांची उत्तरं द्यायची, हा पेपरातला मोठा प्रश्न. पण बाजारातल्या मार्गदर्शक पुस्तकांनी न वाचलेले सगळे उतारे उत्तरांसकट छापून टाकले होते आणि मुलांनी ते घोकले होते. पहिली ओळ दिसली की प्रश्न न वाचताच त्यांचा हात चालू व्हायचा. म्हणून मोठ्या सरांनी फर्मान काढलं: सरावाचे उतारे तुम्हीच लिहा. जास्तीच्या कामाला 'तुम्हीच' म्हणायची त्यांची पद्धत होती. मान दिल्यासारखं वाटायचं आणि फुकटात काम व्हायचं.

तिने रविवारी दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ते लिहिले. पाणी जपून वापरा. वेळेचं महत्त्व. एका झाडाचं मनोगत. शेवटच्या उताऱ्याला विषय सुचेना. डोकं बधिर झालं होतं. समोर ताई ओटा पुसत होती. तेव्हा जे समोर दिसत होतं तेच तिने लिहून टाकलं:

'आमच्या घरात थोरली बहीण सर्वांच्या आधी उठते. परवा तिने स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवून आत काय आहे ते लिहिले. डबे तीच भरते आणि तीच काढते. पण नीटनेटकेपणा तिच्या अंगातच आहे. आमचे वडील अंथरुणाला खिळले आहेत. त्यांना कुशीवर कसे वळवायचे हे ती मला रोज संध्याकाळी दाखवते. मला कंटाळा येतो, पण ती चिडत नाही. ती कामाशिवाय बाहेर पडत नाही, तरी तिने चपलांना नवे तळ बसवून घेतले आहेत. खिडकीतली तिची कुंडी तिने शेजारच्या बाईंना देऊन टाकली. त्यांच्याकडे ऊन चांगले येते. हल्ली ती काम करताना गुणगुणते. अशी बहीण मिळायला भाग्य लागते.'

लिहून झाल्यावर तिने तो ताईला मोठ्याने वाचून दाखवला होता. ऐकता ऐकता ताईचा हात ओट्यावर थांबला. फडकं मुठीत तसंच राहिलं.

"सगळं लिहिलंस की गं," ताई म्हणाली.

"आवडलं?"

"चांगलं आहे."

मग ताई गॅलरीत जाऊन फडकं पिळत उभी राहिली. फडक्यातलं पाणी संपलं तरी पिळत राहिली. तिला कौतुकाची सवय नव्हती. लाजली असेल, असं धाकटीला वाटलं आणि तिने खाली प्रश्न लिहिला: 'उताऱ्यावरून थोरल्या बहिणीविषयी कोणता निष्कर्ष निघतो? उताऱ्यातील आधार देऊन लिहा.' त्याखाली तपासणाऱ्यांसाठी नमुना उत्तर: 'थोरली बहीण व्यवस्थित, कष्टाळू व प्रेमळ आहे.'

आई, बहीण, आजी, मावशी, कुणाविषयीही विचारा. परीक्षेत उत्तर ठरलेलं असतं. कष्टाळू व प्रेमळ. एवढं लिहिलं की गुण पदरात. घरातल्या बाईबद्दल याहून वेगळं काही निघू शकेल, अशी शंका पेपर काढणाऱ्याला येत नाही आणि तपासणाऱ्यालाही येत नाही.

घंटा झाली. तिने गठ्ठा काखेत मारला आणि दुपारच्या तुकडीवर गेली.

वर्गात घामाचा आणि ओल्या भिंतीचा वास होता. एक पंखा फिरत होता, दुसरा नुसता आवाज करत होता. तिने फळ्याच्या मधोमध 'निवेदक' असं लिहिलं.

"निवेदक म्हणजे कोण?"

"गोष्ट सांगणारा," सगळ्यांनी एका सुरात सांगितलं.

"लेखक आणि निवेदक एकच असतात का?"

"नाही, बाई." हेही सुरात.

का नाही, असं विचारलं असतं तर वर्ग मुका झाला असता. तिने विचारलं नाही. पेपर वाटायला घेतले. आधी कुजबुज झाली, मग गलका. पुढच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिला सगळे वकील म्हणायचे. अर्ध्या गुणासाठी ती पार मोठ्या सरांच्या दारापर्यंत जाऊन आलेली होती. या खेपेला भाषा सुटली नाही तर घरचे पुढे शिकवणार नव्हते, हे तिने पहिल्याच दिवशी, कुणी विचारलं नसताना, सांगून टाकलं होतं.

"बाई, माझे दोन गुण कापलेत."

"कापले नाहीत. दिलेच नाहीत."

"का?"

"समासात लिहिलंय. आधार नाही."

"आहे, बाई. डबे, चपला, कुंडी. तुम्ही एक आधार मागितला होता, मी तीन दिलेत."

"आणि बाकीच्यांनीही हेच तीन दिलेत. बाजूच्याचं बघून लिहायचं तर निदान बरोबर असलेलं तरी बघावं."

वर्ग उसळला. मागून एक धिप्पाड पोरगा उठला. सकाळी तो टायरच्या दुकानात असायचा, म्हणून त्याचं नाव पंक्चर.

"बाई, आईशप्पथ, मी कुणाचं बघितलं नाही. मी तर वेगळंच लिहिलंय. मी लिहिलं, ती मरणार आहे."

वर्ग हसून लोटपोट झाला.

"तुलाही शून्यच आहे," ती म्हणाली.

"माझं बरोबर आहे, बाई, शून्य. मला नंतर कळलं ना. मरणारं माणूस चपलांना तळ कशाला बसवून घेईल?"

"बस खाली. सगळ्यांनी वह्या काढा. नमुना उत्तर उतरवून घ्या. थोरली बहीण व्यवस्थित..."

"कष्टाळू व प्रेमळ आहे," वर्गाने पाढा म्हटल्यासारखं पुरं केलं. "येतं, बाई. गेल्या वर्षी आजीला होतं."

"येतं? मग लिहिलं का नाही?"

पंखा आवाज करत राहिला. मग वकीलच म्हणाली, "तुम्हीच सांगितलं होतंत. या वेळी घोकलेलं लिहिलंत तर शून्य देईन, उतारा वाचा आणि काय निघतं ते लिहा. आम्ही वाचला. हे निघालं."

ती टेबलामागच्या खुर्चीत बसली. तासाला बसायचं नाही हा तिचा स्वतःचा नियम होता. पण पोटऱ्या सकाळपासून ठणकत होत्या, आणि ही पोरगी घंटा होईपर्यंत सोडणार नाही हेही दिसत होतं.

"ठीक आहे. दाखव आधार."

"पहिला, डबे. उताऱ्यात लिहिलंय, तीच भरते, तीच काढते. मग तिला नावं कशाला लागतील?"

"नीटनेटकी आहे म्हणून."

"काय पण बाई तुम्ही!" खिडकीजवळच्या बाकावरून आवाज आला. तिथे मावशी बसायच्या. पन्नाशीच्या, नातवाला शाळेत सोडून वर्गाला येणाऱ्या. वर्गात त्यांना कुणी मावशीशिवाय काही म्हणत नव्हतं, बाईसुद्धा. "माझ्या घरातलं मीठ मला डोळे मिटून सापडतं. नाव आपण दुसऱ्यासाठी लावतो."

"दुसरा, कुंडी," वकील घाईने म्हणाली, मावशी आपली केस पळवतील अशा भीतीने. "परत येणारा माणूस शेजाऱ्याला पाणी घालायला सांगून जातो. देऊन टाकत नाही."

"तिसरा, वडील," कुणीतरी म्हणालं.

"तो मी लिहिला नव्हता, पण चालेल. रोज दाखवते म्हणजे काय? मदत हवी असती तर ये, हात लाव, म्हणाली असती. ही शिकवते."

तिने समोर पडलेला उताऱ्याचा कागद उचलला. स्वतःचीच वाक्यं. ती कुणीतरी रात्रीतून बदलून ठेवल्यासारखी दिसत होती.

"आणि गुणगुणते?" तिने विचारलं. आवाज कोरडा निघाला. खडूचा असेल.

उत्तर पंक्चरने दिलं.

"सुट्टी लागायच्या आधी आपलं होतं ना, बाई, तसं."

मग शिकवायच्या सवयीने, दुसरं काही सुचेना म्हणून, तिने फळ्यावरच्या शब्दाकडे बोट केलं.

"मग निवेदकाला हे का कळत नाही?"

"निवेदक बावळट आहे," वकील म्हणाली. पुन्हा हशा. "खरंच, बाई. तिला दिसतं सगळं. चपलांचे तळसुद्धा दिसतात. पण कळत काही नाही."

"बावळट नाही गं," मावशी म्हणाल्या. "तिला कळून घ्यायचंच नाही. कळलं तर बापाला वळवायला उठावं लागेल."

या वेळी कुणी हसलं नाही. विनोद नव्हताच तो.

"बाई, कुठल्या पुस्तकातला आहे हा?" मधल्या बाकावरून कुणी विचारलं. "पुढे काय होतं? जाते का ती?"

"उतारा एवढाच आहे," ती म्हणाली.

"मग माझे दोन गुण?"

तिने लाल पेन उघडलं, वकिलाच्या पेपरावरचं शून्य खोडलं आणि दोन केले. ते बघून टेबलापुढे रांग लागली. तिने मान वर न करता एकेक शून्य खोडलं. शेवटी पंक्चर आला.

"बाई, मला एक तरी. जाणार, एवढं तर माझंही बरोबर आहे."

"मरणार नाही," ती म्हणाली, जरा मोठ्यानेच.

"नाही ना, बाई. म्हणून तर एकच मागतोय."

तिने त्याला एक दिला.

परतीच्या बसमध्ये तिला बसायला जागा मिळाली पण त्याचं नेहमीसारखं समाधान वाटलं नाही. एरवी ती खिडकीला डोकं टेकून घर येईपर्यंत स्वतःच्या थकव्याची उजळणी करायची: खांदा, घसा, पोटऱ्या, मोठे सर. घरी गेलं की चहा पुढ्यात यायचा, मग गरम ताट, मग घडी घातलेले कपडे, आणि थकवा हळूहळू उतरायचा. तो तिच्या अंगावरून उतरून कुणाच्या अंगावर चढतो, हे बघायची गरज पडली नव्हती.

आज तिने वाक्यं जुळवायला घेतली. ताईला थांबवायचं तर तोंडात वाक्य हवं.

'बाहेरचं तुला काय माहीत?' पण बँक, दवाखाना, वीजबिल, नळदुरुस्ती, बाहेरचं सगळं ताईच करत होती. आधार नाही. 'लोक काय म्हणतील?' लोकांनी ताईबद्दल आजवर काहीच म्हटलं नव्हतं, बरं ना वाईट. आधार नाही. 'तुला करमणार नाही.' यासाठी ताईला इथे करमतं हे आधी सिद्ध व्हायला हवं होतं. 'मी थकते गं.' याला आधार होता, हवा तेवढा होता. ती तो रोज चहाबरोबर ताईला देतच होती.

शेवटी एक वाक्य उरलं. 'बाबांचं कसं होईल?' ते कधी वाया गेलं नव्हतं. ताईचं लग्न ठरता ठरता राहिलं तेव्हा त्यात आईचं नाव होतं. शिवणशाळेतली नोकरी चालून आली तेव्हा बाबांचं. नाव बदलायचं, वाक्य तेच, आणि दर वेळी ताई मान हलवून आत जायची. ते वाक्य तिने जिभेखाली ठेवलं, गोळी ठेवावी तसं, आणि बसमधून उतरली.

दारात चपला होत्या. तळ जाड, काळे, अजून धूळ न बसलेले. तिने आपल्या त्याशेजारी काढल्या.

ताई टेबलाशी ताट घेऊन तांदूळ निवडत होती.

"आज लवकर?"

"शेवटचा तास नव्हता."

"चहा टाकते."

"मी टाकते."

ताईने वर पाहिलं. पुन्हा खडे वेचायला लागली.

धाकटीने आधण ठेवलं आणि चहाच्या डब्यासाठी फळीकडे वळली. पट्ट्या चिकटवल्यापासून ती त्यांच्यासमोरून रोज जात होती. त्यांच्यावर तिने उतारा लिहिला होता. पण त्या वाचल्या नव्हत्या. ताईचं अक्षर गोल, शाळेतल्या मुलीसारखं, जिथे शाळा सुटली तिथेच थांबलेलं. 'चहा. उतरवला की लगेच झाकण ठेव.' 'तिखट. जपून घाल.' 'डाळ. रात्री भिजवलीस तर बरं.' 'बाबांचं सकाळचं औषध. काही खाल्ल्याशिवाय नको.' आणि मोठ्या डब्यावर: 'तांदूळ. दोघांना एक वाटी पुरे.'

तिने ते पुन्हा वाचलं. दोघांना.

आधणाला उकळी फुटली. तिने चहा घातला, भांडं उतरवलं, लगेच झाकण ठेवलं.

"ताई, कधी?"

तांदळातली बोटं थांबली. मग एक खडा उचलून ताटाच्या कडेला ठेवला.

"तुझ्या मुलांची परीक्षा होऊ दे म्हटलं. ऐन गडबडीत तुला नको."

"कुठे?"

"मुलींचं वसतिगृह आहे. तिथलं स्वयंपाकघर बघायचं. राहायला खोली देतात."

"म्हणजे पुन्हा स्वयंपाकच."

"स्वयंपाकच. दुसरं मला काय येतं? पण तिथे आठला कुलूप लावतात."

"कशाला?"

"स्वयंपाकघराला. जेवणं आटपली, भांडी झाली की कुलूप. किल्ली माझ्याजवळ. मग सकाळपर्यंत कुणी उघडायचं नाही, असा नियमच आहे." नियम हा शब्द ताईने असा उच्चारला, जसा दुसरं कुणी दागिना म्हणेल.

"आणि आठनंतर काय करशील?"

ताईने खरोखर विचार केला. तिला हा प्रश्न कुणी कधी विचारला नव्हता.

"बसेन," ती म्हणाली.

जिभेखालचं वाक्य वर आलं. दातांपर्यंत आलं. धाकटीने कप घेतले, चहा गाळला, एक कप ताईपुढे ठेवला. ताई कपाकडे अशी बघत होती, जणू तो चुकून कुणा पाहुण्याचा तिच्यासमोर आला असावा.

"तुझ्यामुळेच हो म्हटलं मी," ताई म्हणाली.

"माझ्यामुळे?"

"तू ते लिहून वाचून दाखवलंस ना, रविवारी. म्हटलं, हिला सगळं कळलं. चपला काय, कुंडी काय. आता ही बोलेल, रडेल, बाबांचं काढेल. मी गॅलरीत जाऊन उभी राहिले, तू येशील म्हणून. तू आली नाहीस, काही बोलली नाहीस. आणि शेवटी कसं लिहिलं होतंस, भाग्य लागतं म्हणून." तिने पदराने कपाचा कान पुसला, काही सांडलं नसताना. "दुसऱ्याच दिवशी कळवून टाकलं त्यांना. तुला तोंडावर सांगणं जड गेलं असणार, म्हणून लिहिलंस. हो ना?"

खांद्याला लावलेल्या पिशवीत उताऱ्याचा कागद होता. त्याखाली नमुना उत्तर होतं, तिच्याच अक्षरात.

"हो," ती म्हणाली.

उत्तराला आधार नव्हता. ताईने तो मागितला नाही. तिने चहाचा घोट घेतला आणि तोंड जरासं वाकडं केलं.

"साखर कमी पडली."

"डब्यावर किती ते लिहायचं होतंस की मग."

"सगळं मीच लिहू काय गं?" ताई हसली. मग दोघी हसल्या, खालच्या आवाजात, आत कुणी आजारी असलं की हसतात तशा.

"मोठे!" आतून हाक आली. "अगं मोठे!"

ताईचे दोन्ही तळवे टेबलावर टेकले, अंग अर्धं उचललं गेलं. कप लवंडता लवंडता राहिला.

"बस," धाकटी म्हणाली. "चहा पी."

आतल्या खोलीत औषधांचा आणि घामट अंथरुणाचा वास होता. बाबा छताकडे तोंड करून पडले होते. वर्षानुवर्षं तेच छत. त्याचा पोपडा न् पोपडा त्यांना पाठ असणार. तिला बघून त्यांनी डोळे बारीक केले.

"तू?"

"हो. वळायचंय?"

स्वयंपाकघरातून ताटात तांदूळ सारल्याचा आवाज येत होता, आणि त्या आवाजाच्या खालून, ऐकणाऱ्यालाच ऐकू येईल असं, गुणगुणणं. बाबांनी मान दाराकडे केली.

"शिकलीस का मला वळवायला?" त्यांनी विचारलं.

तिने पिशवी खांद्यावरून काढून खाली ठेवली, वाकली आणि एक हात त्यांच्या खांद्याखाली सारला. दुखरा खांदा चर्रकन बोलला.

"शिकतेय."

"खांदा नंतर," बाबा म्हणाले. "मोठी आधी गुडघा वाकवते."